नळवाल्याचा पिक्चर

"पिच्चर पाह्यला काय, म्याडम?"

आमच्या गल्लीत नळ सोडायला येणारा माणूस नमस्कार वगैरे करत नसे. लुना कडुनिंबाला टेकवायची, खांद्यावरची लांब लोखंडी चावी उतरवायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण बाजूला सारायचं आणि फाटकात उभ्या असलेल्या मला एवढं विचारायचं. तेही चावी फिरवण्याच्या आधी. मला राग यायचा. आठव्या दिवशी नळ आलेले, टाकीचा तळ दिसतोय, सकाळपाळीची शाळा करून मी भर दुपारी बादल्या मांडून उभी, आणि या माणसाला पिक्चरचं पडलंय.

रागाचं आधीच सांगून टाकते. तो माझ्या नाकावरच असतो. गणित शिकवून आला की जन्मापासून होता, ते माझ्या नवऱ्याला विचारा. पण हे लिहिते आहे तो राग नेहमीचा नाही. नेहमीचा संध्याकाळपर्यंत उतरतो. हा दोन वर्षं झाली तरी उतरलेला नाही, आणि तो कोणाकोणावर आहे हे एकदा नीट सांगावं म्हणून बसले आहे.

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल. आमच्या अकोल्यात नळवाल्याची वाट जावयापेक्षा जास्त पाहिली जाते, पण त्याचं नाव कोणी विचारत नाही. मलाही पाच वर्षं ठाऊक नव्हतं. पन्नाशीचा, किडकिडीत, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, शर्टाच्या खिशात काच तडकलेला मोबाईल. तो खात्याचा कायम माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता. नळ वेळेवर आले की खात्याचं कौतुक, उशिरा आले की याच्या नावानं शिमगा. त्या शिमग्यात माझाही आवाज असे, आणि वर्गावर कमावलेला असल्यामुळे तो चार घरं ऐकू जात असे.

तर तो पिक्चर. कोणीतरी चक्क एका नळवाल्यावर पिक्चर काढला होता. हिंदी, विनोदी, त्यात मोठ्या नावाचं कोणी नाही. आमच्याकडे तो एक आठवडा दुपारच्या एकाच खेळाला लागला आणि गेला. पेपरवाल्यांनी दोन ओळी लिहिल्या नाहीत. थिएटरात सात-आठ माणसं असत, असं हाच सांगायचा, कारण त्या सात-आठांत तो चार दिवस होता.

"आपल्या धंद्यावर कोनी पिच्चर काढते काय, म्याडम? पोलिसावर काढतात, डाक्टरवर काढतात. नळवाल्यावर एकच हाये. आन् तो बी कोनी पाहून नाई राह्यलं."

पुढे कोणीतरी तो त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. मग काय विचारता. नळ सोडला की चेंबरशेजारच्या दगडावर बसायचा, मोबाईल चावीला टेकवून उभा करायचा आणि बघायचा. आमच्या गल्लीला पाणी पाऊण तास, पुढच्या कॉलनीला पाऊण तास. पिक्चर दीड तासाचा. त्यामुळे मध्यंतरापर्यंतचा भाग आमच्या गल्लीत व्हायचा आणि पुढचा पुढच्या कॉलनीत. आमच्या लेकरांना पहिल्या अर्ध्यातले संवाद पाठ झाले होते. त्या कॉलनीतल्या लेकरांना नंतरचे.

भाबडा प्रेक्षक मात्र तो नव्हता. त्या पिक्चरच्या जेवढ्या चुका त्याने काढल्या, तेवढ्या समीक्षकांनीही काढल्या नसत्या. "हिरो चावी उलटी फिरवते. अशानं व्हॉल्व बंद होते. आन् चेंबरमंधी उतरते त बूट घालून. कोन देते आमाले बूट?" असं म्हणून पोटभर हसायचा. मग लगेच हिरोची बाजूही घ्यायचा. "पन मानूस चांगला हाये तो. सगळ्यायले सारखं पानी देते."

एकदा कटकट टळावी म्हणून मी म्हटलं, "पाहिला हो. छान आहे."

त्याने चावी तशीच धरून ठेवली. "शेवटी काय होते सांगा बरं?"

मी वर्गात अशीच पोरं पकडते. गृहपाठ केला म्हणतोस, मग तिसऱ्या गणिताचं उत्तर सांग. आता मीच बाकावर उभी होते. "होतं की सगळं चांगलं," मी म्हटलं.

"नाई पाह्यला तुमी," तो म्हणाला. रागावला नाही. "शेवट मी सांगन नाई. तो पाहाचाच असते."

एका गणपतीत तो समितीच्या अध्यक्षांकडे गेला. आमच्या कॉलनीला एक समिती आहे आणि तिला एक अध्यक्ष आहेत, गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दुमजली बंगला आहे. मंडपात पडदा होता, प्रोजेक्टर होता. याने विनंती केली की एक दिवस आपला पिक्चर लावू. अध्यक्ष हो म्हणाले. हा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्च्या स्वतः मांडल्या, बाया-माणसांना घरोघरी जाऊन सांगून आला. वीस मिनिटं पिक्चर चालला. लोक हसतही होते, मी स्वतः दोनदा हसले. तेवढ्यात अध्यक्षांना आठवलं की वेशभूषा स्पर्धेची बक्षिसं राहिलीत. पिक्चर थांबवला. बक्षिसं झाली, भाषण झालं, मग प्रसादाची रांग लागली आणि पडदा कोणीतरी गुंडाळून ठेवला.

"उरलेला पुढच्या वर्षी दाखवू," अध्यक्ष त्याला म्हणाले. त्याने मान हलवली आणि खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या. आम्ही सगळे बुंदी खात उभे होतो. एकानेही म्हटलं नाही की लावा हो, दीड तासाचा तर आहे. मीही म्हटलं नाही.

आता त्या मोटरीचं सांगते. नळ आले की अध्यक्षांच्या घरी नळाला मोटर लागायची. ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. वरच्या बंगल्याने पाणी ओढून घेतलं की खालच्या घरांना करंगळीएवढी धार. माझं घर शेवटून दुसरं. मी पाच वर्षं त्या धारेखाली बादली धरून नळवाल्याला बोल लावत होते, कारण तो समोर होता आणि अध्यक्षांचं फाटक लांब होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण शेळीलाच उंटाची शिक्षा देणारी मीच.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्याने नळ सोडला, गल्लीच्या टोकापर्यंत चालत आला, माझी धार पाहिली आणि तसाच परत वर गेला. अध्यक्षांच्या आवारात शिरला. मोटरीची पिन काढली, नळी सोडवली आणि मोटर उचलून त्यांच्याच ओट्यावर ठेवली.

"साहेब, आंधी सगळ्यायच्या टाक्या भरू द्या. मंग लावा."

अध्यक्ष बनियनवर बाहेर आले. काय बोलले ते मी लिहीत नाही. आवाज ऐकून आम्ही सगळे आपापल्या फाटकात आलो. तो रस्त्यात उभा राहिला आणि त्याने एकेका फाटकाकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. आम्ही बादल्यांकडे बघू लागलो. काही क्षण तसा उभा राहून तो दगडावर जाऊन बसला, पण त्या दिवशी त्याने मोबाईल काढला नाही.

माझी टाकी त्या दुपारी काठोकाठ भरली. मी चादरी धुतल्या, अंगण धुतलं, नवऱ्याला म्हटलं, बघ, आज कसं पाणी आलं.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांच्या पत्नी एक कागद घेऊन घरोघर फिरल्या. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. "पाण्याचं निवेदन आहे ताई," त्या म्हणाल्या. "नळ वेळेवर यावेत म्हणून." मी उठलेही नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. दुसऱ्याच्या लेकराचा अर्धा मार्क कापायचा तर मी उत्तर तीनदा वाचते. इथे वरच्या चार ओळी एकदाही वाचल्या नाहीत.

त्या ओळींत लिहिलं होतं की नळवाला उद्धट आहे, लोकांच्या घरात घुसतो, कामाच्या वेळेत मोबाईलवर पिक्चर पाहतो, सबब त्याला काढावं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. आणि त्या बोंबेला आमच्या गल्लीने सुरात साथ दिली होती.

हे मला कळलं ते नवा माणूस आल्यावर. एक तरणा पोरगा चावी घेऊन आला, कोणाशी न बोलता नळ सोडून गेला. धार पुन्हा करंगळीएवढी. मी अध्यक्षांच्या बाईंना गाठलं, तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तुमची पण आहे की सही," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी तो पिक्चर शोधला आणि एकटीने पाहिला. पूर्ण. चांगला आहे हो. मध्ये थोडा लांबतो, गाणं एक उगाच आहे, पण माणसाला बरं वाटावं म्हणून जो पिक्चर काढतात तसा आहे, आणि असे पिक्चर आठवड्यात काढून टाकणाऱ्या आपल्या सगळ्यांचा मला राग आला. त्यात हिरो एका बड्या माणसाची मोटर काढतो. मोहल्ला टाळ्या वाजवतो. बडा माणूस तक्रार करतो, हिरोची नोकरी जायची वेळ येते, तेव्हा तो साहेबाला म्हणतो, एकदा लोकांना विचारा. आणि लोक येतात. घागरी, हंडे, प्लास्टिकचे ड्रम घेऊन ऑफिससमोर उभे राहतात. बायका, म्हातारे, पोरं. कोणीच बोलत नाही. साहेब खिडकीतून बघतो आणि तक्रार फाडून टाकतो.

आमच्या गल्लीत कधीच न पोचलेला शेवट तो हा. रस्त्यात उभं राहून तो एकेका फाटकाकडे का बघत होता, ते मला त्या संध्याकाळी कळलं. खरं सांगते, मला त्याचाही राग आला. चावी उलटी फिरवलेली कळते, बुटांची चूक कळते, आणि एवढी मोठी थाप कळू नये?

नव्या पोराकडून नंबर घेतला आणि त्याला फोन लावला. तो बडनेऱ्याला बहिणीकडे राहायला गेला होता. रविवारी मी रेल्वेने गेले. रस्त्याकडेच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर तो काम करत होता, हातात पाइप, अंगभर तुषार. मला पाहून त्याने पाइप बंद केला, स्टूल आणून दिलं, चहा सांगितला. बहिणीची, भाचीच्या लग्नाची खबर दिली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं मी गाडीतच ठरवलं होतं.

"त्या कागदावर माझीही सही आहे," मी म्हटलं. "न वाचता केली. पण केली."

"ठाव हाये मले."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगन कोन? मी पाह्यला ना कागद." त्याने कपातला चहा बशीत ओतला. "ठेकेदारानं बलावलं. म्हने, तुयी तक्रार हाये. मी म्हनलं, साहेब, चुकलं असन त काढा मले. पन येकडाव लोकायले विचारा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्यानं खणातून कागद काहाडला आन् मायापुढं ठेवला. म्हने, घे. लोकायलेच विचारलं." त्याने बशी संपवली. "मी वरतून खालतोर वाचला. लय सह्या होत्या. पन कोनाचीच समजे ना, सगळे कोंबडीचे पाय. मले पाहाचं होतं कोन कोन हाये. येकच वाचता आली, म्याडम, तुमची. नाव, आडनाव, सगळं. लय साफ लिवता तुमी."

हे तो मनापासून, कौतुकाने म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, निदान टोमणा तरी. तो तिथे नव्हता. तेवढ्यात एक गाडी आत आली, आणि तो पाइप उचलून तिच्याकडे गेला.