जाळू की हळू

आमचे हे काच बसवतात. खिडकीची, कपाटाची, दुकानाच्या दर्शनी भागाची, म्हणाल ती. दिवसभर काचेजवळ श्वाससुद्धा बेताने घेणारा हा माणूस घरी आला की ड्रमवर असा तुटून पडतो, की जपलेली सगळी काच एकदम फोडतोय असं वाटावं. चालणंही तसलंच. लग्न झाल्यापासून रस्त्यात मी ह्यांची फक्त पाठ बघत आले आहे. हे पुढे तरातरा, मी मागे पिशव्या सांभाळत. वर विचारणार, "येतेयस ना?" येतेय म्हणजे काय, उडत येऊ?

ह्यांचा एक बँड होता. रॉक बँड. हसू नका, चांगला चालायचा. गिटारवर दातांचे डॉक्टर, बेसवर एक लिफ्ट दुरुस्त करणारे, ड्रमवर हे आणि गायला माझे धाकटे दीर. गाणीही भावजीच रचायचे. लिहायची भानगड नाही, सगळं डोक्यात. तालीम आमच्या पुढच्या खोलीत. ड्रम मांडले की खोली संपली. डॉक्टर आणि लिफ्टवाले भिंतीला चिकटून उभे राहायचे. भावजी आपले गॅलरीत उभे राहून गायचे. मी स्वयंपाकघरात कानात कापूस घालून. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्या काठीने खालून छताला ठोकायच्या, ठक ठक ठक. की हे मुद्दाम आणखी जोरात बडवायचे.

पुढे भावजी नोकरीसाठी परगावी गेले आणि बँड बसला. मागच्या वर्षी भावजीच गेले. हे रडले नाहीत. मग एके दिवशी माळ्यावरून ड्रम काढले, पुसले आणि म्हणाले, "धाकट्याची गाणी पुन्हा वाजवायची. नाहीतर ती त्याच्याबरोबर गेली म्हणायची." मी कापूस शोधायला घेतला, पण नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

हॉल ठरला, पोस्टर लागली. नवा गायक म्हणून डॉक्टरांनी त्यांचा एक पेशंट आणला. माणूस सज्जन, आवाज खणखणीत, दात नवे कोरे. त्याने साधी गोष्ट विचारली, "शब्द द्या."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तू सांग," हे डॉक्टरांना म्हणाले.

"मी कशाला? भाऊ तुझा!"

आता काय बोलायचं ह्यांना! इतकी वर्षं साथ केली आणि शब्द एकाला ठाऊक नाहीत. ड्रम सुरू झाले की ह्यांना भावजींचं नुसतं उघडणारं तोंड दिसायचं. बँडने तेव्हा ओळखीपाळखीत वाटलेली जुनी कॅसेट लावली, तर तिच्यात फक्त ड्रम आणि मधूनमधून मावशींची काठी. तिघांना मिळून एकच शब्द येत होता, 'जाळू'. तो ते मागून कोरसमध्ये ओरडायचे ना! "जाळू, जाळू!" लिफ्टवाल्यांना पुढे 'छप्पर माझं फुटलं आहे' असं अंधुक आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, "फुटलं नाही, पेटलं. जाळूशी जुळायला नको?" तो पेशंट दोन तालमी टिकला. "नुसतं जाळू जाळू किती वेळ म्हणू हो?" म्हणून निघून गेला. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

तरी दुसऱ्या दिवशी तालीम. तिघंच गळा फाडून "जाळू जाळू" करतायत, तोच दार वाजलं. मावशी. गळ्यात मापाची टेप, हातात काठी.

"कोणाला जाळताय रे? मेल्यांनो, 'जाळू' नाही ते! 'जरा हळू' आहे!"

ड्रम थांबले.

"तो गॅलरीत उभा राहायचा, बरोबर माझ्या खिडकीच्या वर. तुमच्या धांगडधिंग्यापेक्षा मला त्याचंच जास्त ऐकू यायचं. मशीन चालवता चालवता पाठ झालीत सगळी." आणि काठी टेकून, तिथंच उंबऱ्यात उभ्या राहून मावशी गायला लागल्या:

"दादा, जरा हळू, जरा हळू,
चप्पल माझी तुटली आहे,
तुझी पाठ तेवढी दिसते मला,
वाट सगळी सुटली आहे."

आवाज जाडाभरडा, पण सूर पक्का. मी कानातला कापूस काढला.

ह्यांच्या हातातली ड्रमची काठी खाली पडली. म्हणाले, "मग तुम्ही ठोकायचात कशाला? गाणं आवडत होतं तर?"

"गाण्यासाठी नाही ठोकलं, तुझ्यासाठी ठोकलं! तू पळत सुटायचास. त्याला श्वास घ्यायला उसंत नाही. हळू वाजव, एवढंच सांगत होते मी."

नवा गायक ठरला तो असा.

कार्यक्रमाला हॉल भरला. मावशींनी स्वतः शिवलेला काळा कोट घातला होता आणि काठी बरोबर घेतली होती. आधीची गाणी बरी गेली. शेवटी 'जरा हळू' सुरू झालं आणि आमच्या ह्यांना चेव चढला. सुटले की पळत! डॉक्टर धापा टाकताहेत, मावशींचे शब्द गडप व्हायला लागले. झालं, मी म्हटलं, भावजी पुन्हा बुडाले. तेवढ्यात मावशी मागे वळल्या आणि स्टेजवर काठी आपटली, ठक ठक ठक! कॅसेट ऐकलेली जुनी मंडळी ओळखीचं काहीतरी आलं म्हणून टाळ्या पिटायला लागली. हे मात्र दचकले आणि हळू झाले. इतकं हळू वाजवताना मी ह्यांना कधीच ऐकलं नव्हतं. भावजींचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. हे वाजवत होते आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडत होते. मीही रडले, लपवू कशाला?

घरी निघालो. नेहमीसारखे हे पुढे, मी मागे. कोपऱ्यावर बघते तर हे थांबलेले. अगंबाई, आज सूर्य कुठे उगवला! मी लगबगीने गाठलं आणि म्हटलं, "आले मी. चला."

हे हलले नाहीत. रिकाम्या रस्त्याकडे मागे बघत उभे.

"थांब जरा," म्हणाले, "येऊ दे त्याला."

मग मीही पिशवी खाली ठेवली आणि थांबले.