होल्डवर गाणारी गर्ट्रूड

उत्तनच्या मोझेसला भाईंदरपासून हाटकेशपर्यंतच्या कारखान्यांत सगळे ओळखत, पण नाव कुणाला ठाऊक नव्हतं. टेलिफोनवाला, एवढंच. बाहेरून आलेल्या दोन लाइनींवर दहा टेबलांचे फोन चालवणारी जी पेटी असते, ईपीएबीएक्स, ती भिंतीवर बसवायची आणि बिघडली की नीट करायची, हा त्याचा धंदा. खांद्याला पिशवी असे. तिच्यात पक्कड, टेस्टर, वायरींची भेंडोळी, आणि सगळ्यांच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट.

त्या कॅसेटवर त्याची बायको गात होती.

उत्तनात लग्न निघालं की आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, तिथून 'उंबराचं पाणी' म्हणतात ते आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. त्या वाटेवर पहिला सूर गर्ट्रूडचा असायचा. पुतणीच्या लग्नात कुणीतरी तिच्यासमोर टेप धरला होता. गाता गाता तिचा गळा सुकला, आणि ओळ न तोडता, त्याच चालीत ती म्हणाली, "मोझेस, पानी आन रं." बाया खदखदून हसल्या. ते हसूही टेपवर आलं. पुढच्या उन्हाळ्यात काविळीनं गर्ट्रूड गेली.

मोझेसनं घरी एकदाच ती कॅसेट लावली. गाणी संपली, टेपचं बटण खट्ट करून वर आलं, आणि घर असं गप्प झालं की जणू शवपेटी आत्ताच बाहेर नेली होती. त्यानंतर त्यानं ती कधी लावली नाही. घरीही ठेवली नाही.

मग भाईंदर पश्चिमेला जितेंद्रशेठच्या भांड्यांच्या कारखान्याचं काम निघालं.

"टेलिफोनवाला भाई, ये टुणटुण बंद करो," शेठ म्हणाले. "गिऱ्हाइक होल्ड पे जाता है तो उसको लगता है, खेळण्यांच्या दुकानात फोन लागला."

मोझेसनं पेटीच्या पोटातली किल्ली आतल्या सुरावरून बाहेरच्या सुरावर फिरवली. दोन्ही बाजू आपोआप उलटणारा एक टेप शेजारच्या फळीवर ठेवला आणि त्याची वायर पेटीला जोडली. तपासायला कॅसेट हवी होती. शेठची कॅसेट घरी राहिली होती. मोझेसचा हात पिशवीच्या तळाशी गेला.

शेठनं रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"किसका गाना है?"

"गावचं हाय."

"रहने दो. अच्छा है."

मोझेसनं राहू दिलं.

अशा जोडणीत एक गोष्ट असते. कुणी होल्डवर गेलं म्हणून गाणं सुरू होत नाही. ते चालूच असतं, अहोरात्र, कुणी ऐको न ऐको. होल्डवर गेलेला माणूस मधेच दार उघडावं तसा त्यात शिरतो. गर्ट्रूड जिवंत असताना असंच व्हायचं. मोझेस घरात शिरायचा तेव्हा चुलीपाशी तिचं आपलं गाणं चाललेलं असायचं, अर्ध्यावर आलेलं.

टेलिफोनवाल्याला लाइन तपासायला कुठलातरी नंबर फिरवावाच लागतो. मोझेस जिथं जाईल तिथून भांड्यांच्या कारखान्याचा नंबर फिरवू लागला.

"काका, आज कुठली लाइन आजारी?" तिथं फोनच्या बोर्डावर बसणारी सुरुची विचारायची. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत राहणारी, हसऱ्या तोंडाची पोरगी.

"मीरा रोडची. जरा होल्डवर ठेव, बाय."

"आमच्या बाई गातायत, ऐका."

तो डोळे मिटून ऐके. कधी विहिरीची ओळ लागे, कधी हळदीची. कधीतरी, फार क्वचित, नेमकं तेच लागे, "मोझेस, पानी आन रं," आणि त्याचा हात खरंच तांब्याकडे गेल्यासारखा पुढं होई. कॅसेट झिजत असणार, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावी लागली असती. शेवट त्याला नको होता. होल्डवर शेवट नव्हता.

वर्षं गेली. त्याच्या लेकीचं, क्लेअरचं लग्न ठरलं.

"पप्पा, उंबराच्या पान्याला आयची टेप लावाची हाय," क्लेअर म्हणाली. "माज्या पान्याला मना आयचाच आवाज पायजे. दुसरं कायपण नको."

"हां," मोझेस म्हणाला.

त्यानं कारखान्यात जाऊन टेपचं झाकण उघडलं. आत झिजलेल्या फितीची तपकिरी भुकटी साचली होती. वायर काढून त्यानं आवाज मोठा केला. समुद्राची गाज यावी तशी नुसती खरखर, आणि तिच्या खूप खाली कुणीतरी पाण्यातून गात असल्यासारखं. ती हाक जिथं होती तिथं तर काहीच नव्हतं.

तो तिथंच खाली बसला.

"काका? काय झालं?"

"हिचा आवाज मीच संपवला गो. माझी बायको ही. पोरीनं लग्नाला एवढं एकच मागितलं होतं."

सुरुची वळली. तिच्या खुर्चीमागंच तो टेप इतकी वर्षं बारीक आवाजात पुटपुटत होता.

"मला वाटलं, कुणी गाणाऱ्या बाई असतील," ती हळूच म्हणाली. "काका, मला ते सगळं येतं. भाजी चिरताना तेच चाललेलं असतं माझं. आई वैतागते. मी येऊ?"

लग्नाच्या आदल्या दिवशी ती आली. बायांनी तिला लुगडं नेसवलं, केसांत फुलं माळली. ऊन कलल्यावर सगळ्या विहिरीकडं निघाल्या. सुरुचीनं सूर लावला. आवाज वेगळा, कोवळा. पण दम घ्यायच्या जागा गर्ट्रूडच्या, ओळीच्या टोकाला सूर किंचित ओढून सोडणं तिचंच. म्हाताऱ्या बायांनी छातीवर क्रूस केला. क्लेअर बापाचा दंड धरून चालत होती.

आणि विहिरीच्या कडेला, ओळ न तोडता, त्याच चालीत सुरुची म्हणाली, "मोझेस, पानी आन रं."

तिला तो गाण्याचाच भाग वाटत आला होता. काकांचं नाव तिनं कधी विचारलं नव्हतं.

बाया थबकल्या. क्लेअरचा हात सुटला.

"आनतो गो," मोझेस म्हणाला. त्यानं कुणाच्या तरी हातातला तांब्या घेतला आणि तो विहिरीच्या पायऱ्या उतरू लागला. वर गाणं चालूच होतं. गातंय कोण, हे पाहायला त्यानं मागं वळून बघितलं नाही.