कांद्याच्या खोलीची किल्ली

संशय घेणं हा माझा जुना आजार. दूध घेताना मी त्यात बोट बुडवून पाहायचो, तांदळाचं पोतं उघडलं की हात तळापर्यंत घालायचो आणि शिंप्याकडून उरलेल्या चिंध्याही मागून आणायचो. अशा माणसाकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साकोली तालुक्यातल्या एका वसतिगृहाची कोठी आली. मी शेजारच्या शाळेत मास्तर होतो. घर पवनीला, त्यामुळे सुट्ट्या सोडल्या तर मुक्काम तिथंच. साठेक मुलं आणि त्यांच्या स्वयंपाकाला एकोडीहून चालत येणाऱ्या एक बाई. बाई विधवा, चाळिशीच्या आणि अबोल. अबोल माणूस मला आधीच खटकतो.

वसतिगृहामागे विहिरीला लागून थोडी जागा होती. तिथं आम्ही हिवाळ्यात कांदा लावला. त्या वर्षी मला युरियाची एक गोणी मिळाली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. गावातले लोक शेणखत आणि चुलीची राख टाकायचे, ते मला मागासलेपण वाटायचं. एकदा टाकला, पात तरारली. दुसऱ्यांदा टाकला, आणखी तरारली. होळीच्या सुमारास मी तिसऱ्यांदा युरिया फेकत होतो तेव्हा बाई विहिरीवर पाणी भरत होत्या.

"गुरुजी, आता खत नोका टाकू," त्या म्हणाल्या. "माना जाड होतीन. जाड मानेचा कांदा टिकत नाही."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही भाताकडे बघा."

बाईंना कांदा लहान का हवा, हा विचार मात्र माझ्या डोक्यात शिरला. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला मला एवढं पुरत असे.

परीक्षा संपली की मुलं आपापल्या गावी जाणार होती. मग कांदा काढणार कोण? म्हणून पात हिरवीगार उभी असतानाच मी मुलांना वाफ्यात उतरवलं. विहिरीचं पाणी आदल्या दिवसापर्यंत चालू होतं. बाईंचं म्हणणं होतं की पाणी तोडा, पात आपसूक आडवी पडू द्या, मग काढा आणि पातीसकट आठ दिवस सावलीत पसरा. आठ दिवस उघड्यावर कांदा, म्हणजे आठ दिवस गावाच्या डोळ्यांसमोर कांदा. मी त्याच दिवशी पात बुडापासून छाटली, कांदे पोत्यांत भरले आणि पोती काट्यावर चढवली. नऊ क्विंटल भरले. एकेक कांदा मुठीत मावत नव्हता. मी दोन कांदे वसतिगृह समितीच्या सचिवांच्या घरी दाखवायला नेले.

पोती ठेवायला स्वयंपाकघराशेजारची खोली होती. तिला रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. मी हातोडी आणि फळ्या घेऊन ती खिडकी बंद करायला लागलो.

"खिडकी काहून ठोकून राहिले, गुरुजी? कांद्याले हवा लागते."

"हवेबरोबर हातही आत येतो, बाई."

उन्हाळ्यात मी पवनीला जाणार होतो, तेव्हा किल्ली कुणाकडे तरी ठेवणं भाग होतं. सचिवांनी बाईंचं नाव सुचवलं. मी किल्ली दिली आणि बजावून सांगितलं की खोली उघडायची नाही.

जूनच्या शेवटी परत आलो तर शाळेचा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई त खोली उघडी टाकून दारात बसत होत्या, गुरुजी. रोज. आन टोपलं घेऊन मागं जात होत्या, वरतून पोतं झाकून." त्याच दिवशी पोती पुन्हा काट्यावर घातली. सहा क्विंटलच्या वर काटा जाईना.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सडले थे खड्ड्यात टाकले. एक सडला का बाजूचे धा सडवते."

"तीन क्विंटल सडले?"

"काही सडले, काही वाळले. कांदा कमी होते, गुरुजी."

कांदा कमी होतो. चोरी लपवायला याहून सोपं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी मागे जाऊन खताचा खड्डा काठीनं ढवळला. पाऊस पडून गेला होता, वर शेण पडलं होतं. खाली नुसता काळा चिखल. त्यात कांदा होता की नव्हता, देव जाणे. मी मनाशी नव्हता असंच धरलं.

पुढच्या रविवारी मुलांच्या रजेचं काहीतरी निमित्त काढून मी एकोडीला बाईंच्या घरी गेलो. त्या पाणी आणायला आत गेल्या आणि मी मान वर केली. चुलीच्या वरच्या आड्याला कांद्याच्या वेण्या टांगल्या होत्या, पातीनं विणलेल्या, एकाखाली एक. धुरानं लालकाळे झालेले, सुपारीहून थोडे मोठे, टणक कांदे. माझा जीव भांड्यात पडला. चोर सापडला होता.

माझे कांदे मुठीत न मावणारे होते आणि त्यांची पात मीच बुडापासून छाटली होती. छाटलेल्या कांद्याची वेणी कशी विणणार, हा साधा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. संशयी माणूस सगळं बघतो असा लोकांचा समज असतो. तो आपल्याला हवं तेवढंच बघतो.

वसतिगृहाच्या समितीपुढे मी गोष्ट मांडली. सचिव होते, दोन सभासद होते, दाराशी शिपाई उभा होता आणि बाईंनाही बोलावलं होतं. सरळ आरोप करण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मी म्हणालो, "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण किल्ली एकाच माणसाजवळ होती." बाईंनी कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. राहिलेला पगार न्यायलाही त्या आल्या नाहीत. ते मी अपराधीपणाचं लक्षण मानलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा कांदा लावला, पुन्हा युरिया, पुन्हा हिरव्या पातीची काढणी. आता स्वयंपाकाला एक गृहस्थ ठेवले होते, पण किल्ली मी त्यांना दाखवलीसुद्धा नाही. ती उन्हाळाभर माझ्या खिशात होती. पवनीला आंघोळीच्या वेळीही मी ती पाटाजवळ ठेवायचो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी कुलूप काढलं. दार ढकललं आणि वासानं मागे सरलो. पोत्यांच्या बुडाशी पाणी सुटून वाळलं होतं, चिलटं घोंघावत होती. वरचे कांदे बरे दिसायचे, दाबले की मानेतून रस यायचा. कुलूप जागेवर होतं. फळ्यांचे खिळे मी एकेक हलवून पाहिले, तेही घट्ट होते. मी काट्यावरही संशय घेतला, वाण्याचा काटा आणून पुन्हा तोललं. निम्म्याच्या आत भरलं. मागच्या वर्षी बाईंनी दार उघडं ठेवून, दारात बसून, सडके निवडून सहा क्विंटल वाचवले होते, हे मला त्या घाणीत उभं राहून कळलं. मला इतकी लाज वाटली की मी मुलांनाही खोली साफ करायला बोलावलं नाही.

दोन दिवसांनी एकोडीला गेलो. भाताच्या रोवणीचे दिवस होते, सारं गाव बांधीत, भातखाचराच्या चिखलात उतरलेलं. बाई मात्र घरी दारात बसलेल्या. एवढं होऊनही माझ्या मनात आलंच, हिला कामाची गरज दिसत नाही. मी विचारलं, "रोवणीला गेला नाहीत?"

"चोट्टीले टोळीत कोन घेते?" त्या म्हणाल्या. "साल झालं. बाया म्हनतात, इच्यासंग भाकर सोडाची त डब्बा मोजा लागते."

मी खोलीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"किल्ली कोनाजवळ होती?"

"माझ्याजवळ."

"मंग औंदा कोनाचं नाव घेतलं नाही तुमी?"

त्या उठल्या, आड्यावरची एक वेणी काढून माझ्या हातात दिली. "हे तोलून ठेवा. कुलपात ठेवा. पोळ्याले परत तोला. कमी भरलं त कोनं नेलं, थे सांगा."

वेणी मी तोलून माझ्या खोलीत खिळ्याला टांगली आणि खोलीला कुलूप घातलं. खरं सांगायचं तर कांदे मोजूनही ठेवले. पोळ्याला कांदे तेवढेच होते. एकही सडला नव्हता, एकालाही कोंब नव्हता. वजन मात्र जवळजवळ पाव किलोनं उतरलं होतं. चांगला राखलेला कांदाही नुसता टांगून कमी होतो. मी ती वेणी समितीपुढे नेली, तोलून दाखवली आणि बाई निर्दोष होत्या असं स्पष्ट सांगितलं. सचिव म्हणाले, "गुरुजी, जुनी गोष्ट झाली. सोडा आता." शिपाई दाराशीच होता, तो जमिनीकडे बघत राहिला.

संध्याकाळी एकोडी गाठली. बाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "समितीत सगळ्यांसमोर सांगितलं."

"सगळे मंजे कोन?"

"सचिव, दोघं सभासद, शिपाई."

"थे माह्या गल्लीत राहत नाहीत, गुरुजी." सुपातली नजर त्यांनी वर केली नाही. "इथं सांगा. जोरानं सांगा."

मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि वर्गात धडा वाचतो त्या आवाजात सांगितलं की वसतिगृहाचा कांदा कुणी चोरला नव्हता, तो माझ्या खतानं आणि माझ्या कुलपानं सडला, आणि बाईंवर आळ घेणारा मी होतो. तीन-चार दारं उघडली. पोळ्यातून सजवलेले बैल घेऊन परतलेला एक माणूस थांबून बघत राहिला. मी जायला वळलो.

"आखीन एकदा," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या घरी ऐकू गेलं नसंन."

मी पुन्हा सांगितलं.