माळावरचं तांबं

ज्या प्रकरणात फिर्यादीला मी जवळपास परत पाठवलं होतं, ते पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही मनातून गेलेलं नाही.

लासुर्ण्याच्या पुढे माळावर एक बंद पडलेली खाण आहे. इंग्रजांच्या काळात तांब्यासाठी खणली, हाती काही लागलं नाही म्हणून सोडली, असं गावकरी सांगत. एक दिवस जीपमधून कंपनीचा अधिकारी म्हणवणारा गृहस्थ आला. खाण पुन्हा सुरू होणार, घरटी एक नोकरी, असं सांगत त्याने खाणीतले हिरवे-निळे दगड दाखवले. पूर्वी मेंढरं राखणारी, आता तिथंच शेती करणारी घरं नोकरीच्या आशेने स्वस्तात जमीन द्यायला तयार झाली. सोमवारी खरेदीखतं व्हायची होती.

शनिवारी त्याच माळावरचे सत्तरीतले एक तात्या तसाच दगड घेऊन ठाण्यात आले.

"सायेब, ह्यो दगड खोटा हाय."

"तात्या, तुम्ही खाणीतले तज्ज्ञ का?" मी हसलो. "हा दिवाणी मामला आहे."

"म्या मेंढक्या हाय. पर तुमच्या टेबलावर पाणी हाय न्हवं? बुडवा की."

दगड पेल्यात सोडला. पाणी निळं झालं.

"मोरचूद फासलंय वरनं. खऱ्या दगडाचा रंग असा पाण्यात सुटत न्हाई. मेंढराचं खूर सडलं की आमी त्याच्याच पाण्यात पाय बुडवायचो. एकदा कळपानं ते पाणी पेलं, अकरा मेंढरं गेली. त्यो रंग म्या इसरंन व्हय?"

मी फिर्याद नोंदवली. गृहस्थाला चौकशीला बोलावलं, तर तो बिनधास्त. "साहेब, खनिजाला रंग असतोच." मी पाण्याची बादली पुढे केली आणि त्याचेच दगड धुवायला सांगितले. त्याचा हात पुढे येईना.

बाकावरून तात्या म्हणाले, "धू की रं! आमी मेंढरं धुतो, तुला दगड धुवायची लाज?"

हवालदाराला हसू आवरेना. गृहस्थाचा चेहरा उतरला. पंचांसमक्ष जीपची झडती घेतली. मोरचुदाची पिशवी आणि रंगाचा ब्रश निघाला. कंपनी नव्हतीच. जमीन स्वस्तात लाटून पुढे विकायची होती, हे त्याने कबूल केलं. सोमवारी एकही खरेदीखत झालं नाही.

ती खाण कधी सुरू होईल का, असं लोक अजून विचारतात. माळात तांबं असेल तर सरकारने उघडपणे तपासावं, अहवाल ग्रामसभेत वाचावा आणि माळावर राहणाऱ्यांनी ठरवावं. ज्यांनी ती जमीन पायाखाली घालून ओळखली आहे, त्यांना वगळून तिचा निर्णय करणारा मला आजही संशयितच वाटतो. मग त्याच्या हातात दगड असो की सरकारी शिक्का.