टाकीच्या तळातले उभे बाण

खामगावच्या तेलगिरणीतली ती टाकी भार सोसेल का, ते कॉम्प्युटरवर मीच तपासलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. उकळत्या पाण्याची, जाड फायबरची. तिच्या बरोबर खाली माझ्या मोठ्या भावाचं काम. टाकी बसून महिना झाला होता.

मी उंद्रीला घरी बसून तसल्याच दुसऱ्या टाकीचं कॉम्प्युटरवर मॉडेल करत होतो. फायबर म्हणजे धाग्यांचे थर एकावर एक चिकटवलेले; त्याचा जोर धाग्याच्या दिशेनं असतो, जाडीतून मात्र त्यात काही राम नाही. म्हणून मॉडेलच्या प्रत्येक तुकड्यात धागा कुठं चाललाय ते बाणानं दाखवावं लागतं.

बाबा चहा घेऊन आले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. वाकडी वस्तू करायची तर वाकडी फांदीच शोधत गावभर फिरायचे. स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "भिंत वळून तळ झाली, अन् तुहे बाण उभेच काऊन बे?"

"बाबा, तुम्हाले यातलं काही समजत नाही," मी खेकसलो.

"मले लाकूड समजते. वळणावर रेष तुटली का तिथंच चिरते."

ते गेल्यावर मी मॉडेल फिरवून तळ जवळून पाहिला. धाग्यासोबत आडवे पडायचे सोडून बाण तळातून आरपार घुसले होते. खामगावची फाइल उघडली. तिथंही तेच! उभ्या भिंतीला बरोबर असलेली दिशा मी गाढवासारखी वळणाला अन् तळालाही लावली होती. पाण्याचा भार जिथं थर उकलतो, तिथंच मी जाडीला धाग्याचा जोर देऊन बसलो होतो. बाण वळवून गणित पुन्हा चालवलं. स्क्रीनवर हिरवी, म्हणजे सुरक्षित दिसणारी टाकी तळाच्या वळणावर लालभडक झाली; तिथं ती फाटणार होती.

भावाला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"दादा, टाकी कशी हाये?"

"चांगली हाये. सकाळपासून तळाले घाम आला जरासा. बादली ठेवली मी खाली."

"बाहेर नीघ! आत्ताच्या आत्ता!"

"काऊन ओरडून राह्यला? आलोच, बादली तेवढी रिकामी करतो."

मी ओरडतच होतो. पलीकडे काहीतरी फाटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग त्याचा.

दादा आता काठी घेऊन चालतो. मला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. बाबा अजूनही चहा आणतात, अन् बाण पाहिल्याशिवाय कप खाली ठेवत नाहीत.