उडीचं बटण

"युसूफभाई, तुम्ही हा जास्तच चांगला करून टाकला," राठोड मॅडम म्हणाल्या. "जसा होता तसा परत करून द्या."

कळमनुरीत माझं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक दोनच कारणांनी परत आलं. एक तर काम झालं नाही, नाहीतर झालेलं टिकलं नाही. काम झालं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या मॅडम पहिल्याच.

वस्तू होती नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम. करडा डबा, वरून खोचायची कॅसेट, वायरचा एक रिमोट. मॅडम आज इथल्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. माहेर डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर. त्या सातवीत असताना वडिलांनी हा गेम नांदेडहून आणला होता. माहेरची एक पेटी आवरताना आता परत सापडला.

अशी गिऱ्हाइकं हल्ली वाढलीत. सगळ्यांचं एकच म्हणणं, तेव्हाचे गेम खरे अवघड, आताचे पोरखेळ. मी तेव्हा तेच गेम दुरुस्त करत होतो, त्यामुळं माझं मत जरा कोरडं आहे. कॅसेटवर शेकडो गेम छापलेले असायचे, आत निघायचे आठ-दहा. बाकी तेच, रंग बदलून. पण गिऱ्हाइकाच्या लहानपणाशी वाद घालू नये.

मॅडमना मात्र आठवणीसाठी खेळायचं नव्हतं. त्यांना निकाल लावायचा होता. त्या गेममध्ये एक टोपीवाला माणूस पळतो, उड्या मारतो. तिसऱ्या स्टेजला एक लांब खड्डा आहे. तो दोघा भावंडांना कधी पार झाला नाही. मग एक दिवस मोठा भाऊ प्रकाश म्हणाला, तुम्ही सगळे शेतात गेलता तवा म्या खड्डा पार केला.

"खोटं बोलतो तो," मॅडम म्हणाल्या. "तेव्हापासून प्रत्येक सणाला तेच ऐकवतो. माझ्या लग्नातसुद्धा नवरदेवाला सांगितलं त्यानं. या दिवाळीला घरी येणार आहे. सगळ्यांसमोर त्याला खेळायला बसवते."

बिघाड साधा होता. ॲडॉप्टर गेलेला, तो बदलला. कॅसेटच्या पट्ट्यांवर गंज होता, तो खोडरबरानं घासून काढला. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही मी दुकानात अशाच कामांसाठी ठेवलाय, त्यावर गेम लागला. इथंच थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवले आणि मी रिमोटही उघडला.

रिमोटच्या प्रत्येक बटणाखाली रबर असतं आणि रबराला काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि टीव्हीतला माणूस उडी मारतो. इथं उडीच्या बटणाखाली कंपनीचं रबर नव्हतंच. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली. चांदीही निम्मी उडालेली.

कुण्या अडाण्यानं केलंय हे, असं मनात आलं. मग झाकणाच्या आतल्या बाजूला लाल मार्करनं लिहिलेला 'यु' दिसला. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूत तो असतो.

मी गुपचूप चांगलं रबर बसवलं आणि मॅडमना फोन केला.

त्या दुकानात स्टुलावर बसून खेळल्या. तिसऱ्या स्टेजला खड्डा आला. पहिल्याच उडीत पार. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पुढं चौथी स्टेज, पाचवी, शेवटचा किल्ला. अर्ध्या तासात गेम संपला आणि पहिल्या स्टेजपासून परत सुरू झाला.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. चेहरा असा की मी काहीतरी चोरलंय.

मी रबराचं सांगितलं, की छोट्या उड्या लागायच्या, पण लांब उडीला बटण दाबून धरलं की चांदी टेकलेली राहायची नाही. कुणी बसवलं होतं ते सांगितलं नाही.

"म्हणजे आम्ही दोघं खड्ड्याशी नाही, बटणाशी झगडत होतो?"

"व्हय."

मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे जुन्या रबरावर खड्डा पार होणारच नाही. प्रकाश खोटा. ते रबर आहे का अजून?"

तेव्हाच त्या ते वाक्य बोलल्या, जसा होता तसा करून द्या. मी कचऱ्याच्या डब्यातून तुकडा शोधला आणि परत बसवला. स्वतः दहा वेळा खेळून बघितलं. दहाही वेळा खड्ड्यात.

दिवाळीला मॅडमनी मला जुन्या टीव्हीसकट घरी बोलावलं. प्रकाशभाऊ वारंगा फाट्यावर ट्रकच्या टायरचं दुकान चालवतात. चांगला आडवा-तिडवा माणूस. एरवी बहीण-भाऊ गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात. त्या दिवशी मराठीत भांडले, कारण मला साक्षीदार करायचं होतं.

प्रकाशभाऊ सतरंजीवर मांडी घालून बसले. पहिली उडी खड्ड्यात. दुसरीही. पोरं हसायला लागली. मॅडम नुसत्या मजेत बसल्या होत्या.

"थांबा जरा. आठवून राहिलो," ते म्हणाले. त्यांनी रिमोट तिरपा धरला, अंगठ्याचं नख बटणाच्या वरच्या कोपऱ्यात रोवलं आणि दाबलं. टोपीवाला खड्ड्यावरून गेला.

हसणं बंद झालं. चांदी फक्त त्याच कोपऱ्यात शिल्लक होती. हे मला, मिस्त्री असून, सुचलं नव्हतं. नवव्या वर्गातल्या पोराला सुचलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तवाच काहून दाखवलं न्हाई?"

"दाखवणारच व्हतो. पण तू आधी सगळ्या तांड्यात सांगून आली, की मी लबाड हाय. मंग म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे."

मॅडमनी मान खाली घातली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. शाळेतल्या कुणी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले असतील असं वाटत नाही. प्रकाशभाऊंनी रिमोट बहिणीच्या हातात दिला आणि अंगठा कुठं रोवायचा ते दाखवलं.

माझंही मन भरून आलं. त्या भरात मी सांगून टाकलं, की ते रबर माझ्याच हातचं. तुमच्या वडिलांना मी म्हणालो होतो, आठ दिवस चालवा, मग ओरिजिनल टाकतो.

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. इतका वेळ न जमलेलं एकमत तिथं झालं.

"म्हणजे आमच्या भांडणाचं मूळ तुमी," प्रकाशभाऊ म्हणाले.

"आणि मी माफी माझ्या भावाची मागितली," मॅडम म्हणाल्या.

गेम आता सहा महिने कळमनुरीत आणि सहा महिने वारंगा फाट्यावर असतो. चांगलं रबर फुकट बसवून देतो म्हणालो, तर दोघांनीही नको म्हणून सांगितलं. मॅडम अजून तिसऱ्या स्टेजला अडकल्यात आणि खूश आहेत.

मी एवढंच शिकलो. आपली जुनी चूक जरूर कबूल करावी, पण जेवण झाल्यावर. मी पानं वाढायच्या आधी कबूल केली, आणि गरम पुऱ्या माझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी आल्या.