पुढे सरकलेल्या तारखा

पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी संगणक शिकवतो. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी सांगितल्यावरून गरोदर स्त्रियांच्या तपासणीची यादी मी त्यांना संगणकावर बसवून दिली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीमुळे, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून चालणाऱ्या दगडफेकीच्या खेळामुळे, सावरगावकडून येता-जाता येत नाही आणि तपासणी नेमकी त्याच दिवशी आली. म्हणून त्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतची प्रत्येक तारीख सात दिवस पुढे न्यायची होती.

तारखांच्या क्रमाने लावलेल्या सूचीवर, म्हणजे इंडेक्सवर, एकेक ओळ दाखवणारा कर्सर चालतो, तो हजेरीपटावरून फिरणाऱ्या बोटासारखा. एक ओळ वाचायची, बदलायची, पुढच्या ओळीवर जायचे. मी तसेच केले. नव्या तारखांचे मेसेजही त्या बायकांना आपोआप गेले.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "सर, डॉक्टर सौंसरहून येऊन बसून राहिले अन् एकही बाई नाही आली. तुमच्या मशीननं साऱ्यांना माहेरी धाडलं का?"

मी यादी उघडली. त्या महिन्यात एकही नाव उरले नव्हते. तारीख बदलताच ती ओळ इंडेक्समध्ये पुढे जाऊन बसत होती. कर्सर पुन्हा तिच्यापाशी पोहोचून आणखी सात दिवस वाढवत होता, महिना संपेपर्यंत. बदलायच्या ओळी आधी वेगळ्या टिपून घ्याव्यात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देतो.

"बाकीच्यांना फोन लावले," बाई म्हणाल्या. "पण सावरगाववाली आठव्या महिन्यातली हाय, बीपी वाढलेला. फोन बंद येऊन राहिला. चला लवकर."

जाम नदीचा पूल ओलांडताना मी तिचे चुकलेले दिवस मोजत होतो; दर वेळी वेगळेच उत्तर येत होते.

ती ओसरीवर बसली होती. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली.

"सर, दवाखान्याची गाडी बोलवा." मी फोन लावून कानाला धरला.

"काऊन घाई करून राहिल्या, बाई?" ती हसून म्हणाली. "माही तपासणीची तारीख तर पुढच्या महिन्यात हाय. मेसेज आला होता ना."

"ती तारीख चुकीची आहे," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

तिचे हसू मावळले. तेवढ्यात फोनवर पलीकडून कोणीतरी पत्ता विचारला. तो सांगताना मी सावरगावऐवजी पांढुर्णा म्हणालो, तशी बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.